बंद घरातले दोन अँपिअर

तारनाक्याच्या आमच्या इमारतीतले शेजारचे चाचा जिन्याखालच्या मीटरपाशी उभे राहून, तारेला मापक लावून, कुणाच्या घरी काय चालू आहे ते ओळखायचे. त्या दुपारी त्यांनी ते स्वतःच्याच तारेला लावलं. दोन अँपिअर.

"दोनशे तीस व्होल्ट भागिले दोन, एकशे पंधरा ओहम. दोनशे तीस गुणिले दोन, चारशे साठ वॅट," ते पुटपुटले. "बेगमची इस्त्री."

चाची उन्हाळ्यातच वारल्या होत्या. चाचा एकटेच राहत आणि घराची किल्ली त्यांच्या हातात होती.

"चाचा, आग लागेल. वर चला," मी म्हणालो.

"ठहरो. करने दो उसे."

आकडा शून्यावर आल्यावरच ते वर गेले, कुलूप काढलं आणि मला बाहेर ठेवून दार लावून घेतलं. जिन्यात गरम कपड्यांचा वास येत होता.