कचरापेटीची मुदत

रविवारी घरच्या संगणकाची कचरापेटी उघडली आणि किळस आली. सुप्रभातचे गुलाब, हललेले फोटो, जुन्या लग्नपत्रिका. आपण पुसलं म्हणतो ते सगळं तिथेच साचून होतं. महिन्याभराने ते आपोआप नष्ट व्हावं, अशी मुदत मी घालू लागलो, तोच बायको धावत आली.

"अहो, थांबा! त्यात आईचा आवाज आहे, लोणच्याचं प्रमाण सांगतानाचा. ती गेल्यावर तेवढाच उरलाय."

"आणि तो कचऱ्यात ठेवलास?"

"मग कुठे ठेवू? बाकीचं तुम्ही आणि पोरं रोज आवरता. कचऱ्याला या घरात माझ्याशिवाय कोण हात लावतं?"

मला पुन्हा शिसारी आली, ती आमच्या नीटनेटकेपणाची. मुदत न घालताच मी उठलो आणि ओट्याखालची ओल्या कचऱ्याची बादली घेऊन जिना उतरलो.