मुका के

आमचा शेजारी हिंगोली स्टेशनच्या मालधक्क्यावर कामाला होता. पेट्यांवरची अक्षरं लावत लावत तो इंग्रजी शिकला होता, त्यामुळे छापलेलं एकही अक्षर वाया जाऊ देत नसे. चाकू म्हणजे क्नाइफ, गुडघा म्हणजे क्नी. मी पडलो शाळामास्तर. मला ते ऐकवायचं नाही. "अहो, एनच्या आधीचा के मुका असतो," मी नेहमी सांगायचो.

"मंग लिवला काहून? सरकार फुकट अक्षर घालून राहिलं का?" तो हसायचा.

कडी तो कधी वाजवत नसे. दारात उभं राहून "क्नॉक, क्नॉक!" म्हणायचा. रझाकारांच्या भीतीनं दिवसासुद्धा दारं बंद असायची, पण त्या 'क'वर माझी बायको बेधडक कडी काढायची.

माझा भाऊ निजामाविरुद्ध लढायला सरहद्दीपलीकडच्या कॅम्पात गेला आणि आमच्या घरावर पाळत बसली. एका दुपारी बाहेरून शेजाऱ्याचा आवाज आला, "मास्तर, मीच हाव. उघडा. नॉक, नॉक."

बायको कडीला हात घालणार, तोच मी तिचं मनगट धरलं. इतकं शुद्ध तो जन्मात बोलला नव्हता.

"मास्तर, नॉक!" तो पुन्हा म्हणाला. त्याच्यामागे बूट वाजले. आम्ही मागच्या दारानं तुरीच्या रानात पळालो.

रझाकार गेल्यावरच परतलो. तो ओट्यावर एक पाय लांब करून बसला होता. तो पाय वाकत नव्हता.

"काय झालं?" मी विचारलं.

त्यानं आधी रस्त्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "क्नी."