स्कॅनचा निकाल रुग्णास समक्ष सांगण्याबाबत

अर्जदार: धानशेती करणारी एक बाई, राहणार अर्जुनी मोरगावकडील, नाव येथे देत नाही. दिनांक: आम्हा दोघांच्या पाचव्या केमोचा. साक्षीदार: मी स्वतः, शेजारच्या खाटेवरील कर्करुग्ण, तिरोडा तहसील कचेरीबाहेरील ज्येष्ठ अर्जनवीस.

सलाईन चालू असतानाही ती केस नसलेल्या डोक्यावरील पदर वारंवार सावरीत असे. तिच्या स्कॅनचा निकाल त्या दिवशी यावयाचा होता, माझा पुढील खेपेस. डॉक्टरांनी तिच्या मुलास बाहेर बोलाविले. तो डोळे पुसून परतला व म्हणाला, "माय, सगळं ठीक हाय."

ती माझ्याकडे वळली. "भाऊ, बिमारी माही, अन् पोराच्या कानात कायले सांगून राहिले? तुमच्या अर्जानं तहसीलदार हालते म्हणता ना? मंग लिवा डाक्टरले!"

मी सुवाच्य अक्षरात अर्ज लिहिला. तिने अंगठा उमटविला. डॉक्टरांनी तो शांतपणे वाचला आणि तिच्या मुलाच्या हाती दिला.

पुढील खेपेस तिची खाट रिकामी होती. परिचारिकेस विचारले, तर ती म्हणाली, "काका, तुम्ही आराम करा."

आता डॉक्टरांनी माझ्या मुलास बाहेर बोलाविले आहे. सबब नम्र विनंती की, माझे उत्तर मलाच, आणि मी हयात असताना, देण्यात यावे.