गोदामातली गिटार

“हात पूस आधी.”

मामांशी माझी ओळख या तीन शब्दांनी झाली. शिरूरच्या आमच्या बँजो पार्टीत मी कीबोर्डवर नवा लागलो होतो आणि सगळे ज्यांना मामा म्हणायचे ते गिटार वाजवायचे. वरातीत एखाद्या हौशी पाहुण्याने बुंदीचा चिकट हात गिटारकडे नेला, की मामा वाजवता वाजवता एक पाऊल मागे सरायचे. हात पुसल्याशिवाय त्यांनी नवरदेवालाही तारेला बोट लावू दिलं नाही. नवरदेव रुसला, वरात खोळंबली, मामा तसेच उभे. तुमच्याही ओळखीत असा एखादा तिरसट माणूस असेलच.

ती गिटार पार्टीच्या मालकाने दौंडच्या रेल्वे कॉलनीतून, गाव सोडून निघालेल्या एका कुटुंबाकडून आणली होती. मालकाचं खताचं दुकान होतं. त्यामुळे पार्टीची सगळी वाद्यं खताच्या गोदामात, युरियाच्या पोत्यांना टेकून ठेवलेली. आता तुम्हीच सांगा, जिथे दाराची कडी गंजून झडते, तिथे गिटारच्या तारा काय टिकणार? तुळशीचं लग्न झालं, सुपाऱ्या यायला लागल्या, की गिटार बाहेर निघायची ती गंजाने लाल होऊन. मग मामा फतकल मारून बसायचे. रॉकेलच्या चिंधीने तारा पुसायचे, खुंट्यांच्या दात्यांतून दात घासायचा जुना ब्रश फिरवायचे आणि शेवटी कोरड्या फडक्याने एकेक खुंटी चोळायचे. एकदा समई घासतात तशी चिंच-मीठ लावून घासली, तर खुंट्यांचा मुलामाच निघाला आणि पुढे दुप्पट गंज चढला. “मीठ न्हाई लावायचं,” एवढंच म्हणाले.

दरवर्षी ते मालकाला विनवायचे, की गिटार कवठ्याला माझ्या घरी राहू द्या, कोरडी राहील. मालक हसायचा. म्हणायचा, घरी नेऊन दुसऱ्या पार्टीत वाजवाल. ज्या माणसाने आयुष्यात कोणाची तंबाखूची चिमूट फुकट घेतली नाही, त्याला हे ऐकवायचं! माझं डोकं तिथेच फिरायचं. मामा मात्र फडकं झटकून उठायचे.

खंडेनवमीला गोदामातच वाद्यांची पूजा असायची. ढोल, बँजो, गिटार ओळीने मांडायची, हळदकुंकू वाहायचं, आणि मालक नारळ फोडून त्याचं पाणी सगळ्यांवर शिंपडायचा. पूजेतली वस्तू दसऱ्यापर्यंत हलवायची नाही, असा आमच्याकडचा रिवाज. म्हणजे ते पाणी रात्रभर तारांत मुरणार. एका वर्षी मालकाने भक्तीच्या भरात अख्खा नारळ गिटारवर उपडा केला. मामांनी सगळ्यांदेखत गिटार उचलली आणि उपरण्याने पुसायला घेतली.

“पूजा मोडली तुम्ही,” मालक म्हणाला.

“देवाला कोरडी पूजा बी चालती, मालक. तारंला वली न्हाई चालत.”

झालं! त्याच दिवशी मामांना पार्टीतून काढलं. कशासाठी, तर गिटार पुसली म्हणून. मी चार माणसांत मालकाशी भांडलो, तर म्हणाला, देवाच्या कामात तू बोलू नकोस. आणि ती चार माणसं प्रसादाचं खोबरं चघळत बसली. आजही आठवलं की अंगाची आग होते.

त्या लगीनसराईत गिटार कोणी वाजवलीच नाही. उन्हाळ्यात एक दिवस मामा रॉकेलचा डबा घेऊन आले. वाजवायची नाही, पार्टीत परत घ्या असंही म्हणणं नाही. फक्त खुंट्या साफ करू द्या, नाहीतर त्या गंजून कायमच्या धरून बसतील, फिरायच्याच नाहीत, एवढंच त्यांना सांगायचं होतं. मालक बाहेर गेलेला, गोदामाला कुलूप. मी चहा घेऊन आलो तर मामा शटरपाशी उकिडवे बसून ते गंजलेलं कुलूपच रॉकेलने घासत होते. हात रिकामे ठेवणं त्यांना कधी जमलंच नाही.

मालक आला. एरवी ज्या कुलपाशी तो दोन्ही हातांनी झटायचा, ते किल्ली फिरवताच उघडलं. त्याने युरियाची दोन पोती बाहेर काढली, शटर ओढलं आणि कुलूप लावलं.

“बघू पुढच्या आठवड्यात, मामा.”

मामांनी डब्याचं झाकण घट्ट बसवलं आणि कवठ्याची एसटी धरली.

मी पार्टी सोडली. मामा त्याच पावसाळ्यात गेले, गिटार आतच होती. कुलूप मात्र पुढे कितीतरी वर्षं एका हाताने उघडायचं. मालक गिऱ्हाइकापुढे किल्ली फिरवून सांगायचा, “चांगल्या कंपनीचं हाय, कवा गंजत न्हाई.”