वर्षभराची जेवणं आणि एक सोमवार

“तुम्ही वर्षभर बाहेरच जेवता. सगळ्यात चांगलं कुठे जेवलात?”

कुलकर्णी साहेबांनी हे भर मिटिंगमध्ये विचारलं. ते आमच्या ॲडमिनचे प्रमुख, नागपूरहून नुकतेच बदलून आलेले. जेटीवरच्या कँटीनचा कंत्राटदार सोडून गेला होता आणि नवा शोधायचा होता. मी एका कोळशाच्या जहाजाचे आकडे पडताळत होतो. मान वर केली आणि वर्षभराची जेवणं आठवू लागलो.

माझं काम ड्राफ्ट सर्व्हेचं. घर रत्नागिरीत, काम जयगडच्या बाजूला. जहाजभर कोळसा तराजूत घालता येत नाही, म्हणून जहाज पाण्यात किती बुडालंय ते मोजतात. त्याच्या अंगावर पुढे, मध्ये आणि मागे आकडे रंगवलेले असतात. माल उतरवण्याआधी ते वाचायचे, उतरवल्यावर पुन्हा वाचायचे, आणि फरकावरून वजन काढायचं. खाडीच्या तोंडाशी पाण्याचा खारटपणा बदलतो, त्यामुळे बाटलीत पाणी घेऊन त्याची घनताही बघायची. काम थोडं, वाट पाहणं फार. जहाज लागण्याची वाट, लाट बसण्याची वाट. वाट पाहणाऱ्याला भूक लागतेच.

म्हणून मला जेवणं जहाजांवरून आठवतात. लोखंडाची माती आणणारं एक गंजकं जहाज बाहेर नांगर टाकून होतं, तेव्हा मी फेरीबोटीने पलीकडे तवसाळला गेलो. तिथे एका घरगुती हॉटेलात खापरोळी खाल्ली. जाळीदार, मऊ, नारळाच्या गोड रसात बुडवलेली. खिडकीतून ते जहाज दिसत होतं. दोन्ही आपापल्या रसात सारखीच बुडालेली वाटली. नारळी पौर्णिमा होऊन होड्या बाहेर पडल्या, त्या आठवड्यात मांडवीजवळ बांगडा खाल्ला. त्याच्या वासाने हॉटेलातली सगळी टेबलं गप्प झाली होती. मिरजोळ्याला वजनकाटा तपासायला गेलो, तर एमआयडीसीच्या फाटकाबाहेर वडा-उसळ मिळाली. ती खाताना डोळ्यांतून पाणी आलं आणि मागची सर्दी गेली.

पण सगळ्यांवर एक जेवण होतं. आषाढात समुद्र इतका उसळलेला होता की आकडे वाचताच येईनात. पाणी वर येई, आकडा गिळे आणि परत देई. मी काम सोडून रस्त्यावरच्या सुगंधा वैनींच्या खानावळीत जाऊन बसलो. चिऱ्याचं घर, पुढे पडवी, पडवीत तीन टेबलं. मेनूकार्ड नाही. त्यांनी भाताच्या मध्ये खड्डा केला, त्यात कुळथाची पिठी ओतली, बाजूला भाजलेला सुका बोंबील ठेवला. पिठीची वाफ चष्म्यावर बसली आणि बाहेरचा सगळा समुद्र पुसला गेला. मी चष्मा काढला नाही. तसाच जेवलो.

“सुगंधा वैनींकडे,” मी कुलकर्णींना म्हणालो. “मासेही उत्तम करतात.”

“मग सोमवारी कमिटी जेवायला जाईल. फिश करायला सांगा. मंगळवारी नाव मुंबईला कळवायचंय.”

मी निरोप घेऊन गेलो. वैनी खोबरं खवत होत्या.

“सोमवार? भाऊ, माज्या चुलीवर सोमवारी मासळी चढत नाय.”

“एकच दिवस, वैनी.”

“एकच दिवस म्हणून देव काय रजेवर जातो?”

त्या हसल्या, पण खवणी थांबली होती. त्यांचे मालक वसंतराव मुंबईत एका ऑफिसच्या कँटीनमध्ये आचारी. गणपतीला आणि शिमग्याला येणार, चार दिवस राहून परत जाणार. मुलगी दहावीला आली तरी हेच चाललं होतं.

“कँटीन सुटल्याचं मी त्यांना कळवलं होतं. मिळालं तर येतो म्हणालेत,” वैनी म्हणाल्या. “नायतर तिकडंच म्हातारे व्हायचे.”

मी कुलकर्णींना दिवस बदलायला सांगून पाहिलं. ते म्हणाले, “मुंबईवाले थांबत नाहीत.”

सोमवारी ते दोन सहकाऱ्यांना घेऊन पडवीत बसले. पानात ओल्या काजूची उसळ, फणसाची भाजी, भात आणि पिठी.

“फिश?” त्यांनी विचारलं.

“उद्या,” वैनी म्हणाल्या.

“उद्या आम्ही येणार नाही.”

“मग आज हे जेवा.”

कुलकर्णींनी उसळीचा एक काजू तोंडात टाकला. ओला काजू चावावा लागत नाही, तो आपणच सोडून देतो. त्यांनी दुसरा घेतला. अंगणातल्या माडाची सावली हळूहळू टेबलावर आली आणि कुणी ताट बाजूला केलं नाही. नागपूरचा माणूस तिसऱ्यांदा भात मागत होता.

हात धुताना मात्र ते पुन्हा ॲडमिनचे झाले. मला बाजूला न घेता, वैनींसमोरच विचारलं, “रोज ऐंशी माणसांचं जमेल यांना?”

मी जे मोजलं नाही त्याखाली सही करत नाही. म्हणालो, “चवीची खात्री देतो. ऐंशी माणसांचं मी पाहिलेलं नाही.”

वैनींनी माझ्याकडे असं पाहिलं की मला तांब्या खाली ठेवावा लागला. मग त्या कुलकर्णींकडे वळल्या. “माजा नवरा मुंबईत तीनशे माणसांचं करतो. ऐंशी म्हणजे त्याला सुट्टीच. फोन लावू?”

फोन लागला. कुलकर्णी अंगणात फेऱ्या मारत बराच वेळ बोलले.

“बरं झालं,” वैनी मला म्हणाल्या, “तुमच्या भरवशावर राहिले नाय.”

कंत्राट त्यांना मिळालं. वसंतराव वळकटी आणि दोन मोठे झारे घेऊन कायमचे आले. पडवीतली टेबलं गेली. आता तिथे बटाट्यांच्या गोणी आहेत. कँटीन झकास चालतं. आमचे बरेचसे कामगार बिहार-ओडिशाचे, त्यांना डाळ, भात, बटाट्याचा रस्सा लागतो आणि वसंतरावांचा त्यात हात बसलेला. शुक्रवारी पनीर. वैनी कुपनं घेतात, नवऱ्याला मीठ कमी पडलं म्हणून सगळ्यांदेखत ओरडतात, आणि मी त्यांना इतकं खुशीत पूर्वी पाहिलं नव्हतं.

एका दुपारी धीर करून विचारलं, “वैनी, पिठी कधी?”

“हे म्हणतात, कँटीनची माणसं पिठी खायची नायत.”

“मी खातो की.”

“तुम्ही एकटे, भाऊ. एकट्यासाठी टोप चढत नाय.”

हिशोब बरोबर होता. मी पनीर घेऊन बसलो.

घरी बायकोला पिठी करायला सांगितली. ती म्हणाली, “वर्षभर बाहेरच्या जेवणाचं कौतुक केलंत, आता बाहेरच मिळवा.” म्हणून कुळथाचं पीठ आणून स्वतःच शिकतोय. अजून गुठळ्या होतात. आणि हल्ली मिटिंगमध्ये कुणी विचारलं, चांगलं जेवण कुठे मिळतं, तर मी सांगतो, मी डबा आणतो.