उपासाला चालणारी मिशरी

घाटकोपरच्या भटवाडीत तेव्हा मिशरी घरीच भाजायचे. सुगंधाबाईच्या तव्यावर तंबाखू चढली की सगळ्या चाळीला ठसका लागायचा, आणि शिव्या देत येणाऱ्या बायकांच्या हातात रिकाम्या डब्याही असायच्या, थोडी आम्हालाही दे म्हणून. सुखाचे दिवस होते ते.

मग संप झाला. नवऱ्याची, दशरथची, गिरणीतली नोकरी गेली, तो मुलुंडच्या एका कारखान्यात वॉचमन लागला. काळजी वाढली तशी सुगंधाबाईची मिशरीही वाढली. चौऱ्याऐंशी साली हिरडीवर पांढरा चट्टा उठला. डॉक्टरीणबाईंनी बॅटरी मारून बघितलं. "आजपासून मिशरी बंद. हा पसरला तर जबडा कापायची पाळी येईल."

बाई घाबरली. डबी कचऱ्यात टाकली आणि दिवेलागणीला जाऊन उचलून आणली.

"माझं मनच कच्चं गो," ती शेजारच्या कुंदाला म्हणाली. "सासूबाई म्हणायच्या ते काय खोटं नव्हतं."

एकदा मन कच्चं ठरलं की त्याच्याकडून मागायचं तरी काय? घासायची, मग चट्टा आठवून रडायची, आणि रडून जीव थकला म्हणून पुन्हा घासायची. हीच बाई हरतालिकेला पाण्याचा थेंब तोंडात घेत नसे. पण ते ती हिशेबात धरतच नव्हती. ते देव करून घेतो म्हणायची.

संकष्टीच्या दुपारी दोघी गॅलरीत नारळ खवत बसल्या होत्या. सुगंधाबाईचं बोट दातांवर.

"उपास ना गो तुझा?" कुंदा म्हणाली.

"मग? मिशरी चालते. दात घासणं काय खाणं झालं?"

"दात सकाळी घासतात. तू कितव्यांदा घासतेयस? आणि थुंकी सगळी टाकतेस?"

सुगंधाबाईचं बोट थांबलं. "थोडी जाते पोटात."

"मग गेला उपास."

"गप बस तू." पण तिचा चेहरा उतरला. एवढ्या वर्षांच्या संकष्ट्या! उठली, खळखळून चूळ भरली. त्या दिवशी डोकं भणभणलं, कुंदाला उगाच टाकून बोलली, पण डबीला हात लावला नाही.

मग तिने सोमवार धरला. मग गुरुवार, मग मारुतीचा शनिवार.

"रोजचाच उपास, तर जेवण कोणासाठी शिजवतेस?" दशरथने विचारलं.

"जेवते की. उपास मिशरीचा आहे."

वार भरत गेले. बुधवारी अडलं, देव सुचेना. कुंदा म्हणाली, "माहीमच्या मेरीमातेचा धर. बुधवार तिचाच, आणि ती आपल्यालाही पावते."

सुगंधाबाईने थोडा विचार केला. "नको. एका वारासाठी तिला कशाला त्रास? बुधवारचं मी बघते."

आणि बघितलं. पहिल्या बुधवारी जमलं नाही, दुसऱ्या बुधवारी जमलं.

दिवाळीनंतर डॉक्टरीणबाईंनी पुन्हा बॅटरी मारली. चट्टा होता, पण पसरला नव्हता, फिकटला होता. "मन घट्ट हो तुमचं," त्या म्हणाल्या.

सुगंधाबाईने मागे वळून पाहिलं. बाकावर दुसरं कोणी नव्हतं.