बसायला येणारी मुलगी

पहिलीच्या बाईंनी माझ्या मागे बसणाऱ्या मुलीला फसवलं आणि त्यात मी त्यांना साथ दिली. मलाही त्यांनीच फसवलं, पण माझं मी नंतर भरून काढलं. तिचं कुणीच भरून काढलं नाही.

शाळा कांजूरमार्गची, महापालिकेची. खिडकीतून मिठागरांचा खारट वारा यायचा आणि फळ्यावरचा खडू ओलसर व्हायचा. सन ऐंशीनंतरची ती वर्षं. वडिलांची गिरणी बंद पडली होती आणि ते दिवसभर घरी असत. संध्याकाळी ते मला अक्षरांचा तक्ता म्हणायला लावत आणि शेजाऱ्यांना सांगत, आमची पोरगी वाचते.

मला वाचता येत नव्हतं. बाई छडी कमळाच्या चित्रावर टेकवत आणि साठ पोरं ओरडत, क कमळाचा. छडी सरकली की ख खटाऱ्याचा. माझा आवाज सगळ्यांत वर. अख्खा तक्ता मला डोळे मिटून पाठ होता, म्हणून बाईंना मी हुशार वाटायचे आणि मलाही मी हुशार वाटायचे. एकदा फळ्यावर ‘वरण’ लिहिलं होतं. मी स्वतःशीच ठसक्यात वाचलं, “वजन, रथ, बाण.”

मागून आवाज आला, “बाण काय भाताबरोबर खातेस का गं?”

ती कोळीवाड्यातली होती. आमच्यापेक्षा दोन-एक वर्षांनी मोठी. तिच्याकडे जन्माचा दाखला नव्हता. अशा मुलांना तेव्हा वर्गात बसू देत. त्याला ‘बसायला येणं’ म्हणत. हजेरीपटावर नाव नाही, पुस्तक नाही, परीक्षा नाही. आई मासळीची टोपली घेऊन बाजारात गेली की धाकट्या बहिणीला आजीकडे टाकून ती शाळेत यायची. पोरं तिला ‘म्हावरं’ म्हणत. मीही म्हणत असे.

तिची बहीण उशिरापर्यंत बोलत नव्हती. तिला बोलतं करताना या मुलीने प्रत्येक आवाज तोंडात कुठे होतो ते शोधून काढलं होतं आणि तेच आवाज फळ्यावरच्या अक्षरांना लावत ती वाचायला शिकली होती. मधल्या सुट्टीत तिने माझा तळहात माझ्याच तोंडासमोर धरला. “प म्हण. आता फ म्हण. वारा लागला?” मग माझं नाक चिमटीत दाबून म्हणाली, “आता म म्हणून दाखव.” मला म म्हणता येईना. ती पोट धरून हसली. “बघ, म नाकात राहतो. मक्यात नाय राहत.”

थोडं थोडं मला कळायला लागलं होतं. तेवढ्यात तपासणीची वर्दी आली.

आदल्या दिवशी बाईंनी तक्ता झाकून फळ्यावर एक ओळ लिहिली; मला ती वाचता आली नाही, वर्गात फक्त तिला आली. शाळा सुटल्यावर त्यांनी आम्हा दोघींना थांबवून घेतलं. माझ्या वेण्यांना पांढऱ्या फिती होत्या आणि गणवेश धुतलेला असायचा. तिचा फ्रॉक कुणाचा तरी उतरवलेला होता. बाईंनी मला पहिल्या रांगेत बसवलं, तिला बरोबर माझ्या मागे. तपासणीचे साहेब फळ्यावर लिहितील ते तिने हळूच सांगायचं आणि मी मोठ्याने म्हणायचं. मग तिच्याकडे वळून बाई म्हणाल्या, “सगळं नीट पार पडलं, तर तुझं नाव पटावर घालते.”

ती दुसऱ्या दिवशी केसांना चापून तेल लावून, सगळ्यांच्या आधी येऊन बसली.

साहेबांनी तक्ता उलटा करून ठेवला आणि फळ्यावर लिहिलं: वरण गरम कर. माझ्या पाठीच्या मणक्यावर बोट टेकलं. एका शब्दाला एक टिचकी आणि मागोमाग कुजबुज. मी खणखणीत वाचलं. साहेबांनी आणखी दोन ओळी लिहिल्या, त्याही मी वाचल्या. त्यांनी मला लाल-निळी पेन्सिल दिली. मग त्यांची नजर मागे गेली आणि त्यांनी तिच्याबद्दल विचारलं. बाई म्हणाल्या, “ती नुसती बसायला येते, साहेब.”

साहेब हसून माझ्याकडे वाकले. “काय गं, तुझ्या मैत्रिणीला येतं का वाचायला?”

“नाही,” मी म्हणाले.

हो म्हणाले असते तर पेन्सिल गेली असती आणि वडिलांची पोरगीही वाचणारी राहिली नसती. एवढा हिशेब सहाव्या वर्षी मला जमत होता. तिचं बोट अजून माझ्या पाठीवर होतं. ते उचललं गेलेलं मला कळलं.

नंतर रोज हजेरी व्हायची. शेवटचं नाव घेऊन बाई हजेरीपट मिटत, आणि मागून कुणीही न पुकारता हळूच आवाज यायचा, “हजर.” बाई वर बघत नसत. काही दिवस असं चाललं. मग एका सकाळी हजेरीपट मिटला आणि मागून आवाज आला नाही. मी वळून पाहिलं नाही. पुढे वर्षभर, पट मिटला की मी श्वास धरून बसायचे.

दुसरीत नव्या गुरुजींनी मला एकटीला उभं केलं आणि आठवड्यात माझं पितळ उघडं पडलं. मार खाल्ला. वडिलांनी शेजाऱ्यांशी तो विषय काढणं बंद केलं. मग मी दुकानांच्या पाट्यांसमोर उभी राहून, तळहात तोंडाशी धरून, नाक दाबून, एकेक अक्षर स्वतः कमावलं. लोक हसत. मी त्यांना शिव्या द्यायचे. माझं मी शिकले, मला कुणी शिकवलं नाही, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. ते खोटं आहे.

आज मुलुंडला माझं भांड्यांचं दुकान आहे. भावात मला कुणी हरवत नाही, कारण समोरचा बोलत असतो तेव्हा मी कागद वाचत असते. पण प्रत्येक शब्द आधी पाठीमागून येतो, तिच्या आवाजात. म्हणून मी खुर्ची भिंतीला टेकवून बसते. तरी येतो.

एकदा कोळीवाड्यात जाऊन चौकशी केली. बायकांनी विचारलं, नाव काय तिचं? जे नाव कधी पुकारलंच गेलं नाही, ते मला ठाऊक कसं असणार. आणि आम्ही हाक मारायचो तो शब्द तिथे माझ्या तोंडून निघेना. परत आले.

गेल्या वर्षी बाई दुकानात आल्या. आता थकल्या आहेत. मला ओळखलं आणि भरल्या दुकानात गिऱ्हाइकांना सांगू लागल्या की तपासणीला साहेबांसमोर हिनंच घडाघडा वाचलं होतं. मी विचारलं, “बाई, माझ्या मागे बसायची ती?”

बाईंनी क्षणभर आठवून पाहिलं. “कोण गं?”

माझा आवाज चढला आणि गिऱ्हाइकं वळून बघू लागली. बाई पिशवी उचलून पायऱ्या उतरल्या. मी त्यांना अडवलं नाही, ते चुकलं माझं.

बाई, तुम्ही इथून चार गल्ल्या पलीकडे राहता. पुन्हा या. मी ‘नाही’ म्हणाले होते. त्याचा जाब मी देईन, ती जिथे असेल तिथे, तिच्या तोंडावर. पण पटावर नाव घालते, हे तुम्ही म्हणाला होतात. ते का घातलं नाही? ती रोज ‘हजर’ म्हणत होती, तुम्हाला ऐकू येत होतं. तेव्हा वर का पाहिलं नाही, ते मला सांगा.